पेन्सिलीच्या खुणा

मतदारयादीवर मी तीनच खुणा करतो.
आपला असेल तर बरोबर,
त्यांचा असेल तर फुली,
आणि ज्याच्या दारात दोनदा चहा पिऊनही
काही कळलं नाही, त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह.
वॉर्ड नऊ, खानापूर. बावीस वर्षं हेच काम.
त्यातली सतरा आम्ही हरत आलो.

यंदा जिंकलो.
गुलाल स्टेशन रोडच्या गटारीतून
मलप्रभेपर्यंत गेला म्हणतात.
बरोबरवाले होते तेवढेच, दोनशे अकरा
(त्यातले चौघे वारलेत,
पण यादीत अजून निष्ठावंत).
जिंकवलं ते प्रश्नचिन्हांनी.

इरण्णा हुक्केरी, भांड्यांचं दुकान.
एक नोव्हेंबरला शटर अर्धं ओढतो.
पूर्ण उघडलं तर आमची पोरं येतात,
पूर्ण मिटलं तर त्यांची.
गिऱ्हाईक कमरेत वाकून आत जातं
आणि कुकरची रिंग घेऊन वाकूनच बाहेर येतं.

शेवंता बिर्जे, निवृत्त नर्स.
पोरीला कन्नड शाळेत घातलं, नोकरीकडं बघून,
आणि आमच्या सभेत मागच्या रांगेत
शेवटच्या घोषणेपर्यंत बसून राहिली.
घोषणा दिली नाही. उठलीही नाही.

मकतूम सनदी, वेल्डर.
दोन्ही पक्षांच्या कमानी तोच जोडतो,
नळ्या त्याच, वरचं कापड तेवढं वेगळं.

आणि घाडी मास्तर, दारातच उभे राहून:
‘सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल रे,
नळाला पाणी कधी येउलालंय, तेवढं सांग.’

आम्ही सांगितलं. गुरुवार आणि रविवार.
जाहीरनाम्यात पहिल्यांदाच
पाण्याची पाइप सीमेच्या आधी आली,
आणि जुनी मंडळी आठवडाभर
माझ्याशी बोलली नाहीत.

आता तीन महिने झाले.
कार्यालयात नव्या खुर्च्या आल्यात,
खुर्च्यांवर नवी पोरं.
घसा बसेपर्यंत बोलतात, आणि खरं बोलतात.
मला त्यांच्यात माझा बाप दिसतो,
लाठी खाल्लेला गुडघा ओढत
घरी आलेला, आणि हसत असलेला.
त्यांना मी काय सांगू?

परवाच्या बैठकीत विषय निघाला,
पहिला ठराव पाण्याचा की पाट्यांचा.
एकजण म्हणाला, तळ्यात-मळ्यात करणाऱ्यांना
आता कशाला विचारायचं, आता आपण आहोत.
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या. हातांना सवय आहे.

रात्री इरण्णाच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं.
पाटी दोन्ही भाषांत होती.
घाईत दोन्हींवर पडलं.

सकाळी गेलो. तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होता,
वरची ओळ, मग खालची, मग पुन्हा वरची.
‘कूड्री,’ म्हणाला. बसा.
बावीस वर्षं ‘बस रे’ म्हणायचा.
चहा मागवला, एकच,
माझ्यासाठी.

नवी यादी अजून यायची आहे,
म्हणून जुनीच काढून बसलोय.
अनुक्रमांक तीनशे चार, हुक्केरी इरण्णा चन्नवीरप्पा.
दर निवडणुकीला खोडलं, दर निवडणुकीला
त्याच जागी तेच चिन्ह काढलं.
आता फुली मारायची म्हटलं
तर कागद तिथं इतका झिजलाय
की पलीकडचं पान दिसतं.
पलीकडच्या पानावर माझं नाव आहे.

आज गुरुवार. साडेसहा वाजून गेले.
बायको मोरीत घागर लावून उभी आहे.
नळ सुसू करतोय.
हवा आहे की पाणी,
अजून कळत नाही.